नळाचं पाणी साफ होतं

"यात मनाचं काही नाही, बाई. तुमच्या मोठ्या आतड्याची आतली बाजू सोलून निघाली आहे. नळी नुसती टेकली तरी रक्त येतं."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन मी पडली होती तेव्हा डॉक्टर हे बोलले. सिग्मॉइडोस्कोपी नावाची तपासणी होती ती. गुदद्वारातून दिव्याची एक सरळ नळी आत घालतात आणि डॉक्टर डोळा लावून आतडं पाहतात. दुखतं, आणि दुखण्याहून लाज जास्त वाटते. दुसरी कोणी असती तर रडली असती. मले मात्र आनंद झाला, खरं सांगते. पायापासून डोक्यापर्यंत आनंद.

मी म्हटलं, "साहेब, बाहेर बाकावर एक बाई बसली आहे. हे जसंच्या तसं तिले सांगता का?"

डॉक्टरले वाटलं माझी आई असेल. म्हणाले, "सांगतो, धीर देतो त्यांना."

"धीर नको, साहेब. फक्त सांगा."

बाहेर बसली होती ती जिजी, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. ऐन तरुणपणी विधवा झाली, भावाले तिनंच वाढवलं, आणि भिलाईले पोलादाचं प्लँट उभं होऊन राहिलं होतं तेव्हा भावाले टाइम ऑफिसात क्लार्कची नोकरी लागली तर आमच्या संसारासोबत तीही आली. बोलताना मी तिले 'तुमी' म्हणत असे. लिहिताना म्हणणार नाही. तेवढं सुख मले घेऊ द्या.

सेक्टर दोनमध्ये आमाले क्वार्टर भेटलं तेव्हा भिंतींचा चुना ओला होता. बाहेर रस्ते खोदून राहिले होते, दिवसभर ट्रक जात, आणि दोरीवर वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळपर्यंत मुरमाच्या रंगाचं होऊन जाई. नळालेही लाल पाणी येत असे. नवे पाइप, आतला गंज, आणखी काय. वर्धेकडून आलेल्या आम्हा बायकांले त्याची मोठी मौज वाटे. काही आठवड्यांत पाणी साफ झालं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मी पुन्हा तिच्यावर येणार आहे.

माझं दुखणं सुरू झालं ते पाणी साफ झाल्यावर बऱ्याच दिवसांनी. आधी नुसता मुरडा. मग दिवसातून अनेकदा संडासले पळायचं. मग आव पडायले लागली आणि आवेसोबत रक्त. पहिल्या दिवशी मी दोनदा वाकून पाहिलं. मी बाहेर आली, हात धुतले आणि घरात दुसरी बाईमाणूस तीच, म्हणून जिजीले सांगितलं.

जिजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोट तर सगळ्याच बायांचं दुखते वं. माह्यं बी दुखते. मी कधी मेली का?"

"जिजी, रक्त आहे."

"मिरचीचा ठेचा कमी खा."

ठेचा मी सोडला. मग दूध सोडलं, वांगं सोडलं, डाळ सोडली, शेवटी भाताचं पाणी पिऊन राहिली. रक्त काही सुटलं नाही. संध्याकाळी अंगात कणकण येई. रात्री झोपेतून उठून जावं लागे, आणि जिजीची खाट मागच्या दाराशी असल्यामुळे प्रत्येक वेळी तिच्या पायथ्यावरून. एकदा अंधारातून आवाज आला, "झोपेत बी नाटक करतं का हे पोट्टं?" मी ओठ दाबून पुढं गेली. पोटात मुरडा असताना भांडता येत नाही, हे तुमाले माहीत असेलच.

हे माझ्याकडं पाहत आणि जिजीकडं पाहत. "जिजी काय म्हणते?" हाच त्यांचा प्रश्न. माणूस वाईट नाही. पण त्या काळात त्यांच्या तोंडाले कुलूप होतं आणि किल्ली बहिणीच्या कमरेले होती. शेवटी मी एकदा चुलीपाशी भोवळ येऊन पडली तेव्हा दवाखान्यात न्यायचं ठरलं. जिजी सोबत निघालीच. आमच्यात तशी पद्धतच होती. सून परक्या पुरुषाशी पोटापाण्याचं बोलत नाही. डॉक्टर विचारतो, मोठी बाई सांगते, सून पदर पुढं ओढून बसते.

मीही बसली. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डॉक्टर तरुण होते, दूर कुठले तरी, हिंदीत बोलत. बाहेर मोठी रांग होती. त्यांनी विचारलं, "दस्त कितने?" जिजीनं सांगितलं, "दोन-चार वेळा, साहेब." खोटं. "नींद?" "चांगली झोपते." खोटं. मग त्यांनी माझ्याकडं पाहून नीट विचारलं, "खून आता है क्या?"

मी पदराआडून मान हलवायले लागली तोच जिजी हसली. "खून कहाँ का, साहब! इधर के नल का पानीच लाल है. नई बहू है, देखकर डर गई."

डॉक्टरही हसले. त्यांच्या क्वार्टरलेही लाल पाणी आलं असेल कधी. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "स्पास्टिक कोलन." म्हणजे आतडं निरोगी असतं, पण ते नको तेव्हा आवळतं, पिळतं. मन नाराज असलं की जास्त. "खुश रहो, बेटी," म्हणाले, आणि पिपरमिंटाच्या वासाचं मिक्श्चर दिलं. बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी कापून चिकटवलेली.

लोक विचारतात, त्या डॉक्टरचा राग नाही का येत? येतो, पण थोडा. जे त्याले सांगितलं त्यावर त्यानं दिलेलं उत्तर बरोबरच होतं. फक्त ते माझ्या पोटाचं नव्हतं. कोणाच्या पोटाचं होतं ते पुढं कळेल.

घरी आल्यावर जिजीनं शेजारणीले ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "डॉक्टर म्हणे, काही नाही झालं. मनाचे चोचले आहेत." त्या दिवशी मी ठरवलं, ही बाई एक दिवस हेच तोंड उघडून सगळ्यांसमोर खरं बोलेल. मी मेली तर भूत होऊन बोलवीन. मिक्श्चर पिताना, संडासात भिंतीले टेकून बसताना, दरवेळी मी मनातल्या मनात तो दिवस पाहत असे. माणूस आशेवर जगतो म्हणतात. मी निरा रागावर जगली.

दिवस गेले तशी मी वाळत गेली. बांगड्या कोपरापर्यंत सरकत. पाणी भरायले गेली तर अर्ध्या बादलीत धाप लागे. दिवाळीले माझा दादा भेटायले आला. दादा रेल्वेत गार्ड, भिलाईजवळ चरोद्याले यार्डात ड्यूटी. दारातच उभा राहिला. माझा हात हातात घेऊन त्यानं नखं पाहिली. कागदासारखी पांढरी.

"कावून अशी झाली वं तू?"

जिजी आतून म्हणाली, "काही नाही, मनाचं आहे. डॉक्टरनं सांगितलं."

दादा तिच्याशी बोललाच नाही. मले म्हणाला, "तुह्या तोंडानं सांग."

आणि मी सांगितलं. दादा पुरुष, त्यात भाऊ. तरी सांगितलं, रक्त, आव, रात्रीचं उठणं, सगळं. हे तिथंच उभे होते, त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्याच दिवशी दादानं मले नागपूरच्या गाडीत बसवलं. जिजी म्हणाली, "सुनेले एकटी कशी पाठवू? मी येतो." मी म्हटलं, या.

तपासणीच्या खोलीत मात्र नर्सनं तिले दारातच थांबवलं. "फक्त पेशंट." तो शब्द मले मंगलाष्टकाहून गोड लागला.

तिथं आधी विष्ठा तपासली, कारण आपल्याकडं रक्त-आव म्हटलं की पहिला संशय अमीबाच्या हगवणीचा. अमीबा निघाला नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल भाग, फार खाली. ईएसआर नावाची एक तपासणी असते, अंगात कुठं जळजळ सुरू असेल तर तिचा आकडा चढतो. माझा चढलेला होता. मग ती नळी. नंतर बेरियम एनिमा. खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध खालून आतड्यात भरून एक्स-रे काढतात. डॉक्टरनं एक्स-रेची फिल्म उजेडाले धरून दाखवली. म्हणाले, निरोगी आतड्याले माळेसारखे फुगे असतात, तुमचं डाव्या बाजूले पाइपासारखं सपाट झालं आहे.

निदान झालं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. कोलन म्हणजे मोठं आतडं, त्याले सूज, त्यात जखमा. आता अशा सुजेच्या आजारांले मिळून इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज म्हणतात, आयबीडी. आणि त्या भिलाईच्या डॉक्टरनं जे सांगितलं होतं त्याले आता इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात, आयबीएस. नावं सख्ख्या बहिणींसारखी, म्हणून लोक फसतात. पोट दोन्हींत दुखतं, पळापळ दोन्हींत होते. पण आयबीएसमध्ये आतड्याले जखम नसते. संडासले जाऊन आलं की बहुतेकदा मोकळं वाटतं, कधी जुलाब तर कधी घट्ट, आणि सहसा ते दुखणं माणसाले झोपेतून उठवत नाही. रक्त पडणं, ताप, वाळत जाणं, रक्त कमी होणं, रात्रीचं उठावं लागणं, यातलं एकही असेल तर 'मनाचं आहे' म्हणून घरी बसू नका. मूळव्याध निघेल, हगवण निघेल, काहीही निघो, ते डॉक्टर पाहील. तुमी फक्त सांगा.

त्या दवाखान्यात मले बरेच दिवस ठेवलं. रक्त चढवलं. सल्फाच्या नारिंगी गोळ्या दिल्या, लघवीही तशाच रंगाची होई. स्टेरॉइड दिलं, सूज दाबणारं औषध, त्यानं तोंड पुरीसारखं फुगलं. आणि माझ्या मनासारखी एक गोष्ट दवाखान्यानंच करून दिली. वॉर्डात नर्सा कमी, त्यामुळे बेडपॅन सोबतच्या बाईनं उचलायचा, आत पाहायचं आणि सकाळच्या राउंडले डॉक्टरले सांगायचं.

मोठे डॉक्टर, त्यांच्यामागं शिकाऊ पोरं, दोन्ही बाजूले खाटा. डॉक्टर विचारत, "काल रक्त किती वेळा?"

पहिल्या दिवशी जिजी पुटपुटली.

"मोठ्यानं बोला, बाई."

"पाच वेळा," जिजी म्हणाली. "आवेसंग. लालभडक."

मी उशीत तोंड घालून हसली. पोट दुखत होतं तरी हसली. तिच्या तोंडातून तो शब्द दररोज निघत होता आणि मी दररोज वाट पाहत होती. पण माझं समाधान काही झालं नाही. ती परक्या गावात, परक्या लोकांपुढं बोलत होती. भिलाईत, माझ्या शेजारणींपुढं, तिनं अजून एक शब्द फिरवला नव्हता.

दवाखान्याचं शेजारी कोणाले सांगितलंच नव्हतं; घरी परतल्यावर बाया म्हणाल्या, "बाप्पा, कशी गोल झाली माहेरच्या हवेनं!" स्टेरॉइडचं तोंड पाहून. जिजी म्हणाली, "हो ना." मी जिजीकडं पाहिलं, ती तांदूळ निवडायले बसली.

मी बरी झाली असं म्हणणार नाही. हा आजार जात नाही, झोपतो आणि उठतो. मधे एक वर्ष फार वाईट गेलं, मग पुन्हा गोळ्यांनी आवरलं. पण मी जगली, पोरं झाली, घरचं बोलणं माझ्या हाती आलं. जिजीशी मी कामापुरतं बोलत असे. ताटात वाढायची तिले, पण 'घ्या अजून' कधी म्हटलं नाही. मले त्याचा पश्चात्ताप नाही.

मग एक दिवस जिजी अंगणात पोट धरून बसलेली दिसली. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हे म्हणाले, "दवाखान्यात नेतेस का?" मी म्हटलं, नेते. माझा दिवस आला होता.

या वेळी डॉक्टरीणबाई होत्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी जिजीले विचारलं, "काय होतं, आजी?" जिजीनं पदर पुढं घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. मी सांगावं म्हणून.

माझ्या ओठांवर सगळं तयार होतं. मनाचं आहे, बाई. चोचले आहेत. नळाचं पाणीच तसं. एवढं म्हटलं असतं तर त्यांनी मिक्श्चर दिलं असतं आणि आम्ही घरी आलो असतो. आत काय आहे ते देवाले ठाऊक राहिलं असतं. माझी जीभ वळवळली. पण मले तसा सूड नको होता. मले तिचं तोंड उघडलेलं पाहिजे होतं.

मी म्हटलं, "त्यांचं पोट आहे. त्या सांगतील."

जिजीनं पदर मागं सारला. मग जिजी बोलायले लागली. पोट दुखते, संडासले जाऊन आलं की बरं वाटते. कधी पातळ, कधी चार दिवस काहीच नाही. "कधीपासून?" बाईंनी विचारलं. "नवरा गेला तवापासून," जिजी म्हणाली. "कोणाले सांगितलं नाही." रक्त? "नाही." रात्री उठावं लागतं? "नाही. झोपली की नाही दुखत."

तेव्हा मले कळलं, भिलाईच्या पहिल्या डॉक्टरले तिनं कोणाचं पोट सांगितलं होतं. दोन-चार वेळा, चांगली झोपते, रक्त नाही. अक्षर न् अक्षर तिचं स्वतःचं.

वय पाहून बाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळ्या ठीक निघाल्या. म्हणाल्या, "आतडं निरोगी आहे, आजी. पण दुखणं खोटं नाही हं. आतडं पिळतं, ते खरंच दुखतं. याला औषध आहे." जिजीचे डोळे भरले. इतक्या वर्षांत तिले तसं कोणी म्हटलं नव्हतं. मलेही कोणी म्हटलं नव्हतं, तिच्यामुळे.

रिक्षात बसून आमी घरी निघालो. सेक्टरचा चौक आला तेव्हा जिजी म्हणाली, "सुमे, पाणी साफ होतं."

"काय?"

"नळाचं पाणी. त्या वक्ती साफ येत होतं. मले माहीत होतं. मले वाटलं, मह्यासारखंच असंन, जाईन. आन त्या साहेबापुढं आपल्या घरच्या सुनेचं तसलं... तोंडातून निघेना."

"मी मेली असती, जिजी."

"हो," जिजी म्हणाली.

एवढंच. मी माफ केलं नाही. मी तिले म्हटलं, "मले रिक्षात नका सांगू. ज्यांच्यापुढं चोचले म्हटलं होतं त्यांच्यापुढं सांगा."

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आजवर त्या दिवशी जिजी मागच्या खोलीत दार लोटून बसे, विधवा म्हणून. त्या वर्षी मी दार उघडलं आणि म्हटलं, "चला." तिनं हात जोडले. मी म्हटलं, "नाही. चलाच." समोरच्या खोलीत सेक्टरच्या साऱ्या बाया, हातात तिळगूळ. एक-दोघींनी भुवया चढवल्या. जिजी भिंतीले टेकून उभी राहिली, आणि राउंडले बोलायची तशी मोठ्यानं बोलली. "हिले रक्त पडत होतं. मी पाणी लाल आहे म्हणून खोटं सांगितलं. ही मराले टेकली होती. चोचले नव्हते."

मी या क्षणासाठी इतकी वर्षं काढली होती. मी एकेकीचं तोंड पाहून घेतलं, मन भरेपर्यंत.

मग बाया निघाल्या. मागच्या ओळीतल्या क्वार्टरची एक नवी नवरी मात्र थांबली. ती माझ्याकडं आली नाही. आजार मी भोगला, तपासण्या माझ्या, नावं मले पाठ, आणि ही पोट्टी सरळ जिजीजवळ गेली! माझा असा संताप झाला की सांगता सोय नाही. ती जिजीच्या कानाशी लागून काही तरी बोलली, आणि जिजीनं पटकन स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"मले नको सांगू वं," जिजी म्हणाली. "मी चुकीचं सांगीन. उद्या दवाखान्यात चल आन तुह्या तोंडानं सांग. मी बाहेर बसतो."